पसंतीक्रम

फॉर्मची शेवटची तारीख उद्या.
पहिली पसंती, दुसरी पसंती : दोन रिकाम्या चौकटी.
गेम आर्ट, चार वर्षं. इंटिरिअर डिझाइन, तीही चार.
कॉलेज एकच, नागपूरला; फी मात्र वेगळी,
आणि दोन्ही आकडे ऐकताना
बाबांनी चष्मा काढून पुसला.

आमच्या घरी अकरा पडदे आहेत.
महाल, जंगल, गावरस्ता, तुरुंग,
आणि एक दिवाणखाना, ज्याला वडशाचे कंपनीवाले
'बंगला' म्हणतात नि सगळ्यांत जास्त भाडं देतात.
मंडईचा, नाटकांचा हंगाम सरला
की ते बांबूवर गुंडाळून आड्याला टांगायचे.
बारावीपर्यंत मी त्यांच्याखाली झोपले.
उन्हाळ्यात बाबा त्यांना खळ्यावर उलगडतात,
उंदरांनी खाल्लेला महाल शिवतात,
सरस कढवतात. तो वास माझ्या दप्तरालाही यायचा.

बंगल्याला एक जिना आहे.
चार वर्षांची असताना मी तो चढायला गेले.
तिसऱ्या पायरीशी आईनं मागून लावलेलं ठिगळ
अजून दिसतं, माहीत असलं तर.
त्या साली नायक रडायचा तेव्हा
बरोबर तिसऱ्या पायरीसमोर उभा राहायचा.
बाबांनी तसं सांगून ठेवलं होतं.

पहिल्याच सत्राला 'पर्स्पेक्टिव्ह'. मी वाचून दाखवलं.
"म्हंजे नजरेचा खिळा," बाबा म्हणाले.
भिंतीत खिळा ठोकायचा, सुतळी बांधायची,
गेरूत भिजवून ताणायची, टणकन सोडायची,
आणि सगळे खांब, फरशा, छताच्या कड्या
त्या एका खिळ्याकडे धावत सुटतात.
"याचे किती घेतात?"
मी सत्राची फी सांगितली.
ते खिळ्याकडे बघत राहिले.

मग भोजराजच्या लॅपटॉपवर गेम दाखवला.
जंगल. धुकं. पडकं देऊळ.
बाबांनी आधी उजेड पाहिला, कुठून येतो ते.
"डावीकडून. बराबर. जनरेटर तिकडंच असन."
मी माणसाला झाडामागे नेलं.
बाबा पुढं सरकले.
"मांगं जाता येते?"
येतं.
"मंग मांगंबी रंगवा लागते?"
लागतं, बाबा. झाडाची पाठ, देवळाची पाठ,
कोणी कधी जाणार नाही त्या कोपऱ्यातली वीटसुद्धा.

आमच्या जंगलामागं काय असतं ते मला ठाऊक आहे :
राजा बिडी ओढतो,
राणी मुकुट मांडीवर ठेवून लेकराला पाजते,
आणि लाइटवाला चहावरून भांडतो.
हे कोणत्या सत्राला असतं,
माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

"आन् हे दुसरं?"
त्यात घरं असतात. खरी. लोक राहतात.
"मंग जिना खोटा चालत नाई,"
तांदूळ निवडता निवडता आई.

दहा कामं पाठवायची, प्रत्येक पाच एमबीच्या आत.
जंगल खळ्यावर अंथरलं, भोजराज टाकीवर चढला,
तरी नदीचं एक वळण फोटोबाहेर राहिलं
नि एक कोंबडी फोटोत आली.
ती मी पुसली नाही.

शेवटून तिसरा रकाना : कौटुंबिक पार्श्वभूमी.
वडिलांचं शिक्षण, सातवी. व्यवसाय…
"बाबा, काय लिहू?"
ते गुंडाळीला दोरी बांधत होते.
"पार्श्वभूमी ना? लिव.
वीस फूट बाय तीस."

साडेअकराला रेंज आली.
पहिल्या चौकटीत मी जंगल भरलं, दुसरीत बंगला.
चाक फिरत राहिलं, फिरतच राहिलं.
मागं बाबांनी दोरी सोडली होती परत;
मोबाइलच्या उजेडात
जंगल पालथं घालून
त्याची कोरी पाठ
अंगठ्यानं चाचपून बघत होते.